अपेक्षांची वही: साठा-नोंद प्रकल्पाच्या नोंदी

प्रकल्प: तीन गोदामांची साठा-नोंद एक्सेल शीटवरून नव्या प्रणालीवर आणणे. वापरणारे ४६, वस्तूंचे कोड ११,४००, टीम ५ जणांची. तांत्रिक कामाच्या नोंदी वेगळ्या आहेत. इथे कोणाला काय हवं आहे, कोणाला काय सांगितलं आणि त्यात कधी काय बदललं, एवढंच लिहायचं.

६ जानेवारी, सोमवार

स्टेकहोल्डरांची, म्हणजे या बदलाशी ज्यांचं काही ना काही देणंघेणं आहे त्यांची, पहिली यादी १७ नावांची झाली. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: 'काम सुरू करण्याआधी अजून कोणाशी बोलायला हवं?' संध्याकाळपर्यंत यादी २३ वर गेली. वाढलेल्या सहांपैकी तिघं असे, जे पहिल्या यादीत हमखास सुटतात: रात्रपाळीचे पर्यवेक्षक, अंतर्गत लेखापरीक्षक आणि सध्याची एक्सेल शीट रोज सांभाळणारे कारकून. यातल्या शेवटच्यांना विसरणं सगळ्यात महागात पडतं. जुनी पद्धत त्यांच्या हातात आहे, नवी आली की त्यांचं महत्त्व कमी होणार, आणि जुन्या पद्धतीतले खाचखळगे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाहीत.

शब्दाबद्दल: 'भागधारक' लिहायचं नाही. लेखा विभागासाठी भागधारक म्हणजे शेअर बाळगणारा, आणि या २३ जणांतल्या बहुतेकांकडे एकही शेअर नसेल. 'स्टेकहोल्डर' सगळ्यांना कळतो.

२३ माणसं म्हणजे आपापसांत बोलणाऱ्या २५३ जोड्या (२३ × २२ ÷ २). एवढ्या वाटांनी बातमी फिरणारच. ती आपल्याकडून आधी आणि सगळ्यांना एकाच शब्दांत जाईल, इतकं बघायचं.

८ जानेवारी, बुधवार

एकेकाशी स्वतंत्र भेटी सुरू, प्रत्येकी ३० मिनिटं. गटात विचारलं तर वरिष्ठ बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. प्रश्न चार: हे झाल्यावर तुमच्या कामात काय बदललेलं हवं? ते बदललं हे कशावरून ओळखाल? काय बिघडण्याची धास्ती आहे? तारखेबद्दल तुमच्या कानावर आत्तापर्यंत काय आलंय?

चौथा प्रश्न सगळ्यात उपयोगी. टीमने अजून एकही तारीख दिलेली नाही, तरी नऊ जणांनी 'मार्चअखेर' सांगितलं. प्रायोजक संचालकांनी डिसेंबरमध्ये वरच्या बैठकीत तसं सांगून टाकलं होतं.

उत्तरं अपेक्षांच्या वहीत. रकाने: कोण, त्यांच्याच शब्दांत काय, मोजमाप, कधी ऐकलं, आपल्यातून होकार कोणी दिला, सद्यस्थिती. 'त्यांच्याच शब्दांत' हा रकाना टीमच्या भाषेत भरायचा नाही. का, ते 'लाइव्ह साठा' या दोन शब्दांवरून दिसलं. पाच जणांनी हेच शब्द वापरले. खोदून विचारल्यावर तीन अर्थ निघाले. गोदाम पर्यवेक्षकांना स्कॅन केल्याबरोबर, दोनेक सेकंदांत आकडा हलायला हवा. विक्रीला ग्राहकाशी फोनवर बोलताना दिसणारा आकडा १५ मिनिटांपेक्षा जुना चालत नाही. लेखा प्रमुखांना दिवसअखेरीचा आकडा पुरतो, पण तो एकदा लागला की मागे जाऊन बदलता कामा नये. 'साठा लाइव्ह दिसेल' असं एक वाक्य आराखड्यात लिहिलं असतं तर पाचही जणांनी खुशीत सही केली असती आणि भांडण मार्चमध्ये झालं असतं. वहीत आता तीन वेगळ्या ओळी आहेत, प्रत्येकीला स्वतःचं मोजमाप.

१० जानेवारी, शुक्रवार

२३ जण अधिकार आणि रस यांच्या चौकोनात मांडले. मेंडेलो यांच्या नावाने चालणारी ही पद्धत सुरुवातीला पुरते, पण अंतर्गत लेखापरीक्षक तिच्यात नीट बसत नाहीत. रोजच्या कामात त्यांना रस नाही म्हणून ते 'समाधानी ठेवा' (अधिकार जास्त, रस कमी) या कोपऱ्यात जातात आणि तिथे विसरले जातात. मिचेल, एगल आणि वुड यांनी १९९७ मध्ये मांडलेले तीन निकष इथे जास्त कामाचे: अधिकार, मागणीची रास्तता आणि निकड. लेखापरीक्षकांकडे पहिले दोन आज आहेत, निकड नाही. साठा मोजणीचा दिवस जवळ आला की तीही येईल, आणि तेव्हा सगळं काम थांबवण्याची ताकद त्यांच्याकडे असेल. म्हणून दर पंधरवड्याला त्यांच्यासाठी १५ मिनिटं राखून ठेवली.

शिवाय प्रत्येकापुढे आजची जागा आणि हवी ती जागा: अनभिज्ञ, विरोधात, तटस्थ, पाठीशी, पुढाकार घेणारे. सगळ्यांना 'पुढाकार' या खणात ओढायचा अट्टहास नको. लेखा प्रमुख तटस्थ राहिले तरी भागतं. कारकुनांचं मात्र 'विरोधात' राहून भागणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

तारखेचा हिशेब. प्रत्येक कामाला तीन आकडे मागितले (आठवड्यांत): सगळं जुळून आलं तर, बहुधा, आणि सगळं फसलं तर.

डेटा सफाई २, ४, १२. लेखा प्रणालीशी जोडणी २, ३, ७. चाचणी आणि प्रशिक्षण २, ३, ४.

मधले आकडे नुसते बेरजेला धरले तर १० आठवडे. बैठकीत तोंडावर येतो तो हाच आकडा, आणि तो चुकीचा आहे, कारण कामं लवकर संपतात तेव्हा थोडीच लवकर संपतात, लांबली की मात्र खूप लांबतात. पर्ट या अंदाज काढायच्या पद्धतीच्या सूत्राने (पहिला + चारपट मधला + शेवटचा, भागिले ६) अनुक्रमे ५, ३.५ आणि ३, म्हणजे साडेअकरा आठवडे. प्रमाण विचलन, म्हणजे अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप, सुमारे १.९ आठवडे. साडेअकरात होण्याची शक्यता जेमतेम निम्मी. त्यात एक विचलन मिळवलं की आकडा साडेतेराच्या आसपास जातो आणि शक्यता सहात पाच होते. हे गणित तिन्ही कामं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरतं. इथे डेटा खराब निघाला तर चाचणीही रेंगाळेल, म्हणून वर पूर्णांकात, १४ आठवडे.

काम २० जानेवारीला सुरू. १० आठवडे म्हणजे २८ मार्च, १४ आठवडे म्हणजे २५ एप्रिल.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रायोजकांशी तारखेची बैठक. 'दहा ते चौदा आठवडे' अशी मांडणी टाळली. ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिला आकडा बसतो आणि दुसरा हवेत विरतो. म्हणून लांबची तारीख आधी: 'तीनही गोदामं २५ एप्रिलला. सगळं सुरळीत गेलं तर दोन आठवडे आधी. मार्चअखेर तिन्ही होणार नाहीत.'

प्रायोजकांची अडचण खरी आहे, त्यांचा शब्द वर गेलेला आहे. अशा वेळी नुसता नकार देऊन उठायचं नसतं, निवडायला पर्याय द्यायचे असतात. तीन ठेवले: तारीख हलवणं, आवाका कमी करणं, माणसं वाढवणं. तिसरा चर्चेतच गळला. डेटा सफाईला कोड ओळखणारी माणसं लागतात, आणि ती संपूर्ण कंपनीत दोनच आहेत. नवीन चार आणले तर त्या दोघांचा वेळ त्यांना शिकवण्यात जाईल. लांबलेल्या कामात माणसं ओतली की ते आणखी लांबतं, हे सॉफ्टवेअर प्रकल्पांवर लिहिणाऱ्या ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय.

ठरलं: गोदाम १ सोमवार ३१ मार्चला, उरलेली दोन २५ एप्रिलपर्यंत. बैठक संपल्यापासून दोन तासांत चार ओळींचा ईमेल: काय ठरलं, काय ठरलं नाही, कोणी ठरवलं, आणि 'यात काही वेगळं वाटत असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा'.

मागण्यांची प्रतवारीही इथेच झाली: हवंच, हवं, जमलं तर, या वेळी नाही. 'हवंच' मधल्या कामांची मेहनत एकूण मेहनतीच्या ६०% वर गेली की उशीर पचवायला जागा उरत नाही. पहिल्या फेरीत ती ८१% भरली. प्रत्येक ओळीला 'हे नसेल तर ३१ मार्चला गोदाम सुरूच होणार नाही का?' असं विचारत ५८% वर आणली. 'या वेळी नाही' मध्ये पाच ओळी आहेत आणि ती यादी आराखड्याच्या पहिल्या पानावर छापली आहे.

२७ जानेवारी, सोमवार

साप्ताहिक अहवालाचा नमुना पक्का. एकच पान, दर सोमवारी ११ पर्यंत. या आठवड्यात काय संपलं, काय अडलंय, कोणाकडून कोणत्या तारखेपर्यंत कोणता निर्णय हवा.

रंगांचा नियम काम तापण्याआधीच लिहून घेतला: टप्पा ५ कामाचे दिवस मागे गेला की पिवळा, १० ला लाल. रंग बदलायला कोणाची परवानगी लागत नाही, बदललेला रंग मागे घ्यायला मात्र प्रायोजकांची लागते. हा नियम नसला की अहवाल कलिंगडासारखा होतो, बाहेरून महिनोन् महिने हिरवागार आणि कापल्यावर लाल.

बोलीतले काही शब्द या प्रकल्पात वर्ज्य. 'बघू' म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा नकार असतो आणि ऐकणारा होकार घेऊन जातो. 'होऊन जाईल' याला कर्ता नाही. 'पंधरा दिवसांत' म्हणजे कॅलेंडरचे १५ की कामाचे १०? 'परवा' तर मागेही जातो आणि पुढेही. 'परवा दिलंय' आणि 'परवा देतोय' यातला फरक खराब फोनवर एका अक्षराचा उरतो. शब्दाऐवजी वार आणि तारीख, प्रत्येक वेळी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डेटा सफाईत वाईट बातमी. ११,४०० कोडपैकी ४०० यादृच्छिक निवडून हाताने तपासले. ५२ चुकीचे किंवा दुबार. १३%. नमुन्याची चूकमर्यादा धरली तर एकूण खराब कोड ११०० ते १८५० च्या दरम्यान. एका कोडला सरासरी ६ मिनिटं, म्हणजे ११० ते १८५ तास. जाणकार दोघं दिवसाला मिळून ८ तास देतात: १४ ते २३ दिवस. आराखड्यात धरले होते १०.

सांगण्याचा क्रम महत्त्वाचा होता. दुपारी दोनला आकडे आले, चारला प्रायोजकांना फोन, पाचला गोदाम व्यवस्थापकांना, दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांना लेखी. प्रायोजकांना हे उपाहारगृहात दुसऱ्याकडून कळलं असतं तर चर्चा कोडची झाली नसती, विश्वासाची झाली असती. 'नक्की उपाय सापडला की सांगू' म्हणून थांबलो नाही. थांबलेला प्रत्येक दिवस त्यांच्या हातातले पर्याय कमी करतो.

फोनवर चारच गोष्टी: काय आढळलं, तारखेवर काय परिणाम, पर्याय कोणते, निर्णय कधीपर्यंत हवा. सुचवलेला पर्याय असा: गोदाम १ मध्ये गेल्या १२ महिन्यांत हालचाल झालेले कोड २,६०० च आहेत. त्यात १३% म्हणजे ३३८, सुमारे ३४ तास, चार-पाच दिवसांचं काम. ते आधी. बाकीचे कोड 'निष्क्रिय' खूण लावून आत घ्यायचे आणि एप्रिलमध्ये साफ करायचे. ३१ मार्च शाबूत राहते.

पण फुकट काहीच मिळत नाही. लेखापरीक्षकांना पहिल्या दिवसापासून शंभर टक्के कोड तपासलेले हवे होते, वहीतली ओळ १९. ती अपेक्षा आता मोडतेय. त्यांना बैठकीत सगळ्यांसमोर कळू द्यायचं नव्हतं, म्हणून संध्याकाळी सहाला वेगळी भेट. त्यांनी अट घातली: निष्क्रिय कोडवर एकही व्यवहार प्रणालीने स्वीकारता कामा नये. रास्त आहे. ओळ १९ खोडली नाही. खाली तारीख टाकून नवी ओळ लिहिली, जुनी दिसत राहील अशी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विक्रीकडून 'छोटासा बदल': ग्राहकानुसार माल राखून ठेवण्याची सोय. अंदाज ९ मनुष्यदिवस. उत्तरात 'नाही' नव्हतं आणि 'बघू' तर नव्हतंच. 'करता येईल. ९ दिवस लागतील. ते ३१ मार्चच्या आधी हवे असतील तर परत आलेल्या मालाची नोंद मागे जाईल. मेअखेरीच्या दुसऱ्या टप्प्यात हवं असेल तर काहीच मागे जात नाही. निर्णय प्रायोजकांचा, २७ तारखेपर्यंत.' विक्रीने स्वतःच दुसरा टप्पा निवडला.

याच निमित्ताने अर्ज न भरता झालेले बारीक बदल मोजले. रकान्याचं नाव, छपाईतला लोगो, यादीचा क्रम, असे सात. प्रत्येक अर्ध्या ते एका दिवसाचा, एकूण साडेपाच दिवस. कोणालाच 'नाही' म्हणावंसं वाटत नाही आणि तारीख अशीच झिरपत जाते. यापुढे बारीक बदलांसाठी महिन्याला ३ दिवसांचा साठा. तो संपला की पुढचा बदल अर्जाने.

५ मार्च, बुधवार

गोदामात, खऱ्या स्कॅनरवर, खऱ्या २०० कोडसह प्रात्यक्षिक. सभागृहात प्रोजेक्टरवर दाखवलेलं सगळं सगळ्यांना आवडलं होतं. इथे पहिल्या दहा मिनिटांत चित्र पालटलं. हातमोजे घातलेल्या बोटाखाली ७ मिमीची 'स्वीकारा' आणि 'रद्द करा' ही दोन्ही बटणं एकदम येतात. माल वाहणाऱ्या पट्ट्यापाशी स्कॅनरचा बीप ऐकू जात नाही, म्हणून माणूस खात्रीसाठी पुन्हा स्कॅन करतो आणि नग दुप्पट लागतो. पाच मिनिटं हात थांबला की लॉगआउट, आणि पासवर्डसाठी मोजे काढावे लागतात.

यातलं एकही ४६ जणांपैकी कोणी मागितलं नव्हतं. कानो यांच्या ग्राहकांच्या गरजांच्या वर्गवारीत या मूलभूत गरजा: असल्या तर कौतुक नाही, नसल्या तर सगळंच टाकाऊ, आणि विचारून कधीच कळत नाहीत. माणूस त्या गृहीत धरतो. त्या बघूनच सापडतात.

बदल: बटण १६ मिमी, 'रद्द करा' वरच्या कोपऱ्यात, बीपसोबत कंपन, दोन सेकंदांत तोच कोड पुन्हा आला तर विचारणा, लॉगआउट ३० मिनिटांनी. चार दिवसांचं काम, चाचणीच्या राखीव वेळेतून.

आणखी एक: प्रणालीचे पडदे (स्क्रीन) अपूर्ण असतील तर ते अपूर्णच दिसले पाहिजेत. अहवालाचा पडदा मुद्दाम राखाडी ठेवला होता. नाहीतर चकचकीत पडदा बघून 'झालंच की मग' असा समज घेऊन लोक जातात.

१४ मार्च, शुक्रवार

कारकून 'विरोधात' वरून 'तटस्थ' कडे सरकले. सादरीकरणांनी नाही. त्यांच्याकडे चाचणीची यादी लिहायचं काम दिलं, नावासकट. शीटमधल्या १४ सूत्रांपैकी तीनमध्ये असे नियम निघाले, जे कुठल्याही कागदावर नव्हते. उदाहरणार्थ, परत आलेला माल दोन दिवस साठ्यात धरायचा नाही, कारण तपासणीत त्यातला काही बाद होतो. हे सुटलं असतं तर पहिल्याच आठवड्यात विक्रीने नसलेला माल विकला असता.

१८ मार्च, मंगळवार

स्वीकृतीचे निकष चाचणीआधी सह्या करून. 'समाधानकारक चालली पाहिजे' काढून टाकलं. २४ ते २८ मार्च शीट आणि प्रणाली दोन्ही चालणार. पाचही दिवस तफावत ०.५% ओळींच्या आत, काम थांबवणारा दोष शून्य, बाकीचे दोष जास्तीत जास्त आठ आणि प्रत्येकाला तारीख. नापास झालं तर ३१ ला सुरू करायचं नाही, हेही त्याच कागदावर, प्रायोजकांच्या सहीने. असा निर्णय ३० तारखेच्या रात्री दमलेल्या डोक्याने घ्यायचा नसतो.

गोदामात आजच सांगितलं: पहिले दोन आठवडे वेग पडेल, तासाला नोंदींच्या ४० ओळींऐवजी २८ धरा, त्या हिशेबाने एक माणूस जादा ठेवा.

३१ मार्च, सोमवार

पाच दिवसांत तफावत जास्तीत जास्त ०.४%. गोदाम १ सुरू. पहिल्या दिवशी तासाला ३० ओळी. गोदामात कुरकुर नाही, कारण २८ कानावर होते. हाच आकडा आधी सांगितला नसता तर संध्याकाळपर्यंत 'नवीन प्रणाली संथ आहे' हे तिन्ही गोदामांत पसरलं असतं.

घोटाळा दुसरीकडे. सकाळी प्रायोजकांच्या कार्यालयातून सगळ्यांना संदेश: 'नवी साठा प्रणाली आजपासून सुरू.' टीमने पाठवलेल्या मसुद्यात दुसरं वाक्य होतं, 'सध्या फक्त गोदाम १, बाकी २५ एप्रिलपर्यंत.' पुढे पाठवताना ते गळलं. विक्रीने गोदाम ३ चा माल प्रणालीत शोधला, शून्य दिसला, दोन ऑर्डरींना नकार गेला. ११ वाजता दुरुस्तीचा संदेश, ग्राहकांना विक्रीकडून फोन, एक ऑर्डर परत मिळाली.

चूक मसुद्याची होती. मर्यादा दुसऱ्या वाक्यात ठेवली की ती कधी ना कधी गळणार. ती कर्त्यातच हवी: 'गोदाम १ आजपासून नव्या प्रणालीवर.' यातून काहीही कापलं तरी अर्थ खोटा होत नाही. गोदाम २ आणि ३ च्या पडद्यांवर शून्याऐवजी 'शीट पाहा' अशी पट्टी दुपारी लावली. ती आधीच असायला हवी होती.

२५ एप्रिल, शुक्रवार

गोदाम २ सोमवारी २१ ला, गोदाम ३ आज. वहीत एकूण ६१ ओळी: ४४ पूर्ण, ९ संबंधितांच्या संमतीने दुसऱ्या टप्प्यात, ५ 'या वेळी नाही', ३ उघड्या. उघड्यांपैकी दोन छपाईच्या, ३० तारखेला बंद होतील. तिसरी ओळ १९ खालची: निष्क्रिय कोडपैकी ६१२ अजून तपासायचे आहेत. टीम सोमवारी मोकळी होतेय, म्हणून ही ओळ कारकुनांच्या नावावर, त्यांच्या आणि लेखापरीक्षकांच्या सहीने, मुदत २३ मे, शुक्रवार. रोज ४० कोड धरले तर १६ दिवस लागतात, चार हाताशी राहतात.